पट्टीवरचं पाणी

भर दुपारी बारा वाजता, वर मे महिन्याचं ऊन रणरणत असताना कसलं आलंय भूत, असं तुम्ही म्हणाल. म्हणा, खुशाल म्हणा. चिखलीची मिनलही तसंच म्हणायची.

मिनल पाणी खात्यात कंत्राटावर होती. काम साधं. इंद्रायणीच्या पात्रात, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, आकडे रंगवलेला सिमेंटचा खांब होता. त्याला सगळे पट्टी म्हणायचे. रोज बाराला पट्टीवर पाणी किती, ते कळवायचं. पूर्वी लोक घरी पंख्याखाली बसून आकडा ठोकून द्यायचे, म्हणून नियम निघाला: पट्टीशेजारी माणसानं तारखेची पाटी धरून उभं राहायचं आणि तो फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटोत दिसेल तोच आकडा खरा, बाकी सब झूठ. पाटी धरायला मिनलचा थोरला भाऊ धम्मरत्न यायचा. चाकणच्या कंपनीत त्याची सेकंड शिफ्ट, त्यामुळं दुपारपर्यंत गडी मोकळाच असायचा.

त्या वर्षी नदीनं पार तळ गाठला होता. शहराला दिवसाआड पाणी होतं, आता तीन दिवसांआड करायचं घाटत होतं. दादा चपला घालून थेट शून्याच्या आकड्यापाशी उभा राहायचा. पायाखाली नुसता भेगाळलेला चिखल.

सोमवारी मिनलनं फोटो टाकला आणि मिनिटभरात इंजिनिअर जयमाला मॅडमचा फोन.

"मिनल! अगं, नव्वद सेंटिमीटर! वरून पाणी सोडलं की काय कुणी?"

"मॅडम, इथं ठणठणीत कोरडं आहे."

"चेष्टा करतेस का? आणि भावाला पाण्यात कशाला उतरवलंस?"

मिनलनं फोटो उघडला. दादा कमरेएवढ्या हिरवट पाण्यात उभा, हातात पाटी, तोंडभर हसू. मान वर केली तर तोच दादा कोरड्या चिखलात उभा राहून घाम पुसत होता.

घाबरायचं सोडून दोघं बहीण-भाऊ चेकाळलेच! "आयला, मिने, हे तर व्हायरल होणार!" म्हणत दादानं धावत येऊन फोन हिसकावला. आणखी दहा फोटो काढले. दहाही फोटोंत पाणी. मिनलच्या अंगावर काटा येत होता आणि हसूही आवरत नव्हतं.

संध्याकाळी कळलं, वाढीव पाणीकपात थांबवली. मॅडम खूश. "जूनमध्ये तुझं कंत्राट वाढवायचं माझ्याकडं लागलं," म्हणाल्या. पात्र कोरडंच आहे, हे पुन्हा सांगायचं मिनलच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

मंगळवारी एक मीटर चाळीस. फोटोतलं पाणी दादाच्या खांद्याला टेकलं होतं. आणि त्या दिवशी कोरड्या पात्रातून शेवाळाचा ओला वास यायला लागला. काठावर पाणी हलावं तसा चुबुक चुबुक आवाजही येत होता... दिसत मात्र काही नव्हतं. दादा वर आला तो धापा टाकत.

"छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं राव. उन्हाचं असेल."

"मग उद्या नको उतरूस," मिनल म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

"येडी का काय? उद्या तर दीड पार होणार!"

बुधवारी ती काठावर क्षणभर थबकली. मग म्हणाली, फोटोतल्या पाण्यात कोण बुडतंय! दादा हसत पट्टीपाशी गेला, पाटी डोक्यावर उंच धरली, अंगठा दाखवला. तिनं फोटो काढला.

एक मीटर नव्वद. फोटोत दादा नव्हताच. हिरव्या पाण्यावर फक्त दोन हात आणि पाटी.

"दादा... वर ये."

दादा हलला नाही. लख्ख उन्हात, कोरड्या मातीवर तो गाल फुगवून उभा होता. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी त्याचे केस सावकाश वर उठून डोक्यावर डुलत होते. मग त्याचं तोंड उघडलं. आवाज काही आला नाही.

मिनल जिवाच्या आकांतानं धावली. पात्रात उतरताच तिच्या कानांना दडे बसले, अंग गार पडलं, पावलं जमिनीवर टेकेनात. कशीबशी तिनं दादाची कॉलर धरली आणि ओढत ओढत काठावर आणला. तिथं तो भडभडून ओकला. सगळं हिरवं पाणी.

निगडीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या विहिरीत पडला होता?" मिनल काय सांगणार, कप्पाळ! "जगेल," डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

"माझ्या नोकरीपायी दादा... तू नको म्हणाला असतास तरी मी उतरवलं असतं तुला. मला कळत होतं रे सगळं."

दादानं डोळे उघडले. आवाज खरखरीत झाला होता.

"मिने... खाली मी एकटा नव्हतो. एक बाई होती. माझं मनगट धरलं होतं तिनं."

"गप पड. सुटलास तू."

"तू ओढलंस ना... तेव्हाही तिनं सोडलं नव्हतं."

तेवढ्यात नर्स आत डोकावली, जरा वैतागलेलीच. "अहो, तुमच्याबरोबरच्या त्या बाईंना आवरा ना. मघापासून ओल्या लुगड्यानं बाकावर बसल्यात, सगळी लादी ओली केली. नाव विचारलं तर सांगत नाहीत. नुसतं विचारतात, तो आत आहे ना?"

ती दार ओढून निघून गेली. मिनलनं खाली पाहिलं. दाराच्या फटीतून बोटभर हिरवट पाणी खोलीत येत होतं, शेवाळाचा वास सुटला होता.

"दादा, उठ," ती कुजबुजली. "दादा..."

छताकडं डोळे लावून दादा गाल फुगवून पडला होता.