शिवून आणलेलं पुडकं

आमच्या ग्वालासेओ गावच्या बाजारात बटाटेवालीच्या काट्यावर माझी बॅग एकतीस किलो भरली, तेव्हा तो मागेच उभा होता, खांद्यावर मक्याचं पोतं घेऊन. "विमानात तेवीसच चालतात ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तर हसला. गालातल्या गालात, ओठ न उघडता. असं हसणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो.

खरं तर त्या बॅगेत माझं असं फारसं नव्हतंच. नूबे, म्हणजे मी, दोन वर्षांसाठी मुर्सियाला, स्पेनला चालली ही बातमी फुटली आणि अख्खी गल्ली पुडकी घेऊन दारात उभी. कुणाच्या लेकीला बार्लीचं पीठ, कुणाच्या जावयाला गूळ, एकीनं तर आमच्याकडचं पक्वान्न, भाजलेला गिनीपिग आणला. नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. आज तुम्ही नाही म्हणालात, तर उद्या तुमच्या आईचं पुडकं कोण नेणार? फक्त एक रीत आहे. पुडकं उघडं आणायचं, नेणाऱ्याला आतलं सगळं दाखवायचं आणि मग त्याच्यासमोर शिवायचं.

दुसऱ्याच दिवशी हा बाजारातला माणूस घरी हजर. नाव लिझार्दो, ट्रक चालवतो, एलवीरा नावाची चुलतबहीण मुर्सियात आहे म्हणे. आमच्या गावात मुर्सियात बहीण नसलेला माणूस सापडायचा नाही, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं. पण पुडकं त्यानं शिवून आणलं होतं!

तो गेल्यावर झोइला मावशी म्हणाली, "पोरी, अशाच पुडक्यांपायी लोक तुरुंगात सडतायत." व्हिसा दोनदा नाकारून तिसऱ्यांदा मिळाला होता, तिकडं वृद्धाश्रमातली नोकरी वाट बघत होती आणि त्या नोकरीवर आमचं घर चालणार होतं. विमानतळावर एका पुडक्यात काही भलतं निघालं, की सगळं पाण्यात. तेव्हाच कात्री घ्यायला हवी होती मी. पण घेतली नाही... का नाही घेतली, ते मला तेव्हाही कळत होतं.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. एलवीरा म्हणते जड होईल, थोडं कमी करतो, म्हणून पुडकं घेऊन गेला आणि आणखी दोन दिवसांनी परत घेऊन आला. पुन्हा शिवलेलंच. एलवीराचा फोन नंबर मागितला तर म्हणे बदललाय. मी कॉफी दिली तर दोन कप प्यायला. बाहेर भुरभुर पाऊस होता, त्याचे केस ओले होते आणि मी टॉवेल द्यायला उठले, याचा मला स्वतःचाच राग आला. चोर असेना का, हसतो मात्र छान, असं वाटायला लागलं होतं. आणि त्याच्या त्या पुडक्याला जागा हवी म्हणून मी माझी लोकरीची शाल बॅगेतून काढून ठेवली होती. आता बोला!

निघायच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा मात्र मी आई आणि मावशीसमोरच कात्री घेतली.

"थांब," तो म्हणाला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"का थांबू? काय आहे आत?"

त्यानं हात सोडला. मी टाके उसवले. आत मका होता. नुसता मका! मावशीनं ओट्यावर ओतून बोटांनी चाळून पाहिला. मक्याखाली मकाच.

"एलवीराला एवढा मका कशाला?"

"एलवीरा नाहीये," तो खाली बघत म्हणाला. "कुणीच नाहीये तिकडं माझं. उघडं आणलं असतं तर नुसता मका बघून तू पहिल्याच दिवशी मला पकडलं असतंस. आणि एकदाच देऊन टाकलं असतं तर... परत कशाला येणार होतो मी इथं?"

आई तोंडाला पदर लावावा तसा अ‍ॅप्रन लावून हसत आत गेली. मावशीलाही ओढत घेऊन गेली. मला हसू येत होतं, रडूही येत होतं आणि सगळ्यात जास्त येत होता तो राग. दोन आठवडे हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून धडधडीत खोटं बोलला होता, आणि आता, मी उद्या निघणार तेव्हा, खरं सांगत होता. मला तो आवडत होता. फार आवडत होता.

"इतकं खोटं बोलणाऱ्यावर दोन वर्षं विश्वास ठेवायचा मी? तिकडं बसून?"

"नको ठेवूस," तो म्हणाला. "संशय घे. रोज घे. संशय आला की फोन तरी करशील."

मी म्हटलं, "करीन. आणि नाही उचललास तर बघ."

माद्रिदला उतरल्या उतरल्या पहिला फोन त्यालाच लावला. कुठं आहेस, कोण आहे सोबत? तर म्हणे तुझ्या आईकडं, बटाटे सोलतोय. मी लगेच फोन ठेवला आणि आईला लावला. खरंच सोलत होता.