रिकाम्या जागेतली पंधरावी गाडी

ही गोष्ट रात्रीची नाही.

भर दुपारची आहे. ऊन डोक्यावर, समोर प्रेक्षकांनी भरलेला स्टँड, आणि माझ्या हातात पाना. तेव्हा अंधारात भास झाला असेल, असं मला कुणी सांगू नये. जे घडलं ते मी दोन्ही कानांनी ऐकलंय. या पानावर इतरांच्या गोष्टी वाचतो, म्हणून धीर करून माझी लिहितोय.

मी शर्यतीच्या गाड्यांची चाकं बसवायचो. एका चाकाला एकच मोठा नट. लांब दांड्याच्या पान्याने तो आवळायचा. ठरलेला जोर बसला की पाना 'कट्' असा आवाज करतो. तो आवाज ऐकला की नटापासून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. चारही चाकं झाली की गाडीच्या टपावर तळहाताने दोन थापा. थाप म्हणजे... जा.

थाप ऐकल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. थापेच्या भरवशावर त्याचा जीव असतो.

मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं. आकडे तेवढे पान्यांवरून शिकलो होतो. पण कान तयार होते. भिंतीला टेकून डोळे मिटले, तरी समोरून कुठली गाडी गेली ते सांगायचो.

त्या वर्षी एक नवी मालिका सुरू झाली. स्पोर्ट्स गाड्यांच्या छोट्या शर्यती. अर्ध्या तासाचा खेळ. सुटायचं ते थेट शेवटापर्यंत. मध्ये पिटमध्ये, म्हणजे आमच्या दुरुस्तीच्या गल्लीत, कुणी थांबायचं नाही. जो थांबला तो हरला. सहा शर्यती ठरल्या. पंधरा गाड्यांनी नावं दिली.

धावल्या चौदा.

पंधराव्या गाडीचा ड्रायव्हर मालिका सुरू होण्याच्या महिनाभर आधी, सरावात, तिसऱ्या वळणावर भिंतीवर आदळून गेला. हसतमुख माणूस. सगळे त्याला 'खोकला' म्हणायचे. कारण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की त्याची गाडी दोनदा खोकायची. खक्... खक्. तोही हसून म्हणायचा, "औषध पाजा रे हिला कुणीतरी."

उशिरा ब्रेक मारला, असं चौकशीत ठरलं.

आयोजकांनी त्याच्यासाठी एक गोष्ट केली. पहिलं वर्षभर पंधरावी जागा कुणाला द्यायची नाही. गाड्या सुटायला उभ्या राहतात तिथे, सगळ्यांच्या मागे, पांढऱ्या रंगाने आखलेला चौकोन. तो प्रत्येक शर्यतीत रिकामा ठेवायचा.

मला ते तेव्हाच बरं वाटलं नाही.

मी त्या सालात माझ्या भाचीची गाडी सांभाळत होतो. ताईची एकुलती एक. चौदांत ती एकटीच बाई. ताईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ती माझं ऐकत नाही. पण तू आहेस म्हणून मी झोपते."

पहिली शर्यत. मी चारही चाकं आवळली. चार वेळा 'कट्' ऐकलं. रेघा मारल्या. दोन थापा दिल्या.

आतून भाची ओरडली, "मामा, हळू! गाडी आहे, म्हैस नाही!"

गाड्या सुटल्या. मी भिंतीला टेकलो, डोळे मिटले आणि मोजायला लागलो. भाचीच्या गाडीचा आवाज शिट्टीसारखा. ती चौथी गेली. मग पाच, सहा, सात... तेरा, चौदा.

मग जरा शांतता.

मग पंधरा.

मी डोळे उघडले. रस्ता रिकामा. धूळसुद्धा नाही.

शेजारी खुर्चीवर वेळ नोंदणारी बाई बसायची. तिच्यापुढे यंत्र. प्रत्येक गाडीत एक डबी असते. गाडी रस्त्यातल्या तारेवरून गेली की यंत्र कागदाच्या पट्टीवर नोंद छापतं. मी तिला विचारलं, "बाई, गाड्या किती?"

"चौदा. का हो काका?"

"मला पंधरा ऐकू आल्या."

"कानात तेल घालून ऐकताय, म्हणून एखादी जास्त येत असेल."

मीही हसलो. पुढच्या फेरीला पुन्हा डोळे मिटले. चौदा गेल्या. शांतता. मग लांबून एक गाडी आली, समोरून जाताना तिचा वेग कमी झाला...

खक्... खक्.



दुसऱ्या शर्यतीत तो आवाज शेवटी नव्हता. दोन गाड्या ओलांडून पुढे आला होता. तिसऱ्या शर्यतीत अजून पुढे. मी भाचीच्या शिट्टीनंतर बोटं दुमडून मोजायचो. मध्ये पाच गाड्या, मग तो. चौथ्या शर्यतीत मध्ये दोनच.

पाचव्या शर्यतीत शिट्टी गेली... आणि तिला चिकटूनच, खक्, खक्.

तो भाचीच्या मागे लागला होता.

का, ते फक्त मला माहीत होतं. आज लिहितो. त्या सरावाच्या दिवशी त्याची चाकं मी बसवली होती. तीन चाकं झाली. मागच्या डाव्या चाकाच्या नटावर पाना लावला, तेवढ्यात आमचे मुख्य मिस्त्री, उस्ताद, ओरडले, "झालं का रे? का मुहूर्त बघतोयस?" मी म्हणालो, "झालं." आणि थापा दिल्या.

'कट्' मी ऐकला नव्हता.

तो जाताना हात हलवून गेला. भिंतीवर गाडीचा असा चुरा झाला, की कुठलं चाक कशाने निघालं हे कुणाला कळणं शक्य नव्हतं. मी गप्प बसलो. महिनाभराने भाचीच्या चाकांपुढे गुडघे टेकून बसलो, आणि तेव्हाही गप्पच.

सहाव्या शर्यतीच्या सकाळी भाचीला म्हणालो, "आज नको जाऊस."

"वेडा झालास का मामा? शेवटची शर्यत आहे. तिसरा नंबर येतोय माझा."

"माझं मन धजत नाही."

"मग थाप जोरात दे. म्हैस समजून दे. तुझी थाप पडली की मला भीती वाटत नाही."



मी चाकं आवळायला बसलो. पण लक्ष सारखं त्या मागच्या रिकाम्या चौकोनाकडे जात होतं. चार रेघा मारल्या. थापा दिल्या. ती गेली.

नऊ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला शिट्टी, आणि लगेच मागे खोकला. दर वेळी जवळ. नवव्या फेरीला दोन्ही आवाज एकात एक मिसळले.

दहावी फेरी. शिट्टी गेली.

मागे... काहीच नाही.

मी श्वास सोडला. गेला असेल, वाटलं.

तेवढ्यात आवाज माझ्या पाठीमागून आला.

पिटच्या गल्लीतून. जिथे शर्यत चालू असताना कुणी येत नाही. हळूहळू, गुरगुरत, एक गाडी आली आणि माझ्यासमोर थांबली.

खक्... खक्.

समोर काही नव्हतं. सिमेंट होतं, ऊन होतं. पण माझ्या नडग्यांना इंजिनाची धग लागत होती. तापलेल्या रबराचा वास येत होता. थांबलेली गाडी जशी थापेची वाट बघते, तसं ते गुरगुरत उभं होतं.

काय करायचं, मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पाना उचलला. मागच्या डाव्या चाकाच्या जागी गेलो. गुडघे टेकले. पान्याचं तोंड हवेत पुढे केलं.

ते अडकलं.

मी जोर लावला. पाना फिरला. पाव... अर्धा फेरा...

कट्.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी उठलो. टप असायला हवा त्या उंचीवर तळहात आपटला. एकदा. दोनदा. हाताला कढत पत्रा लागला.

आवाज निघून गेला.

वेळ नोंदणारी बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. आधी माझ्याकडे बघत होती, मग यंत्राकडे. शर्यत संपल्यावर तिने कागदाची पट्टी फाडली, घडी करून माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, "काका, हे तुम्हीच ठेवा. मला विचारू नका." पुढच्या वर्षी ती आली नाही.

भाची तिसरी आली. हेल्मेट काढताच म्हणाली, "मामा, मागचं डावं चाक थरथरत होतं रे. नवव्या फेरीपासून. आता सुटतं की काय, असं वाटलं. मी आत येणारच होते, पण दहाव्या फेरीत तिसऱ्या वळणावर थरथर आपोआप थांबली."

तिसऱ्या वळणावर.

ती लोकांत गेल्यावर मी चाकाशी बसलो. पिवळी रेघ तुटली होती. नट अर्धा फेरा फिरला होता.

सुटण्याच्या बाजूला नाही. आवळण्याच्या बाजूला; पाना लावून पाहिला तर लगेच 'कट्' वाजला.

म्हणजे शर्यतीआधी मी ते चाक ढिलंच ठेवलं होतं. ढिल्या नटावर रेघ मारली होती, आणि थाप दिली होती. दुसऱ्यांदा. तो पाच शर्यती तिचा पाठलाग करत होता, की माझ्याकडे यायला वाट शोधत होता, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी पाना हातात धरला नाही.

ती पट्टी कुणाकडून वाचून घ्यायची हिंमत झाली नाही. तेरा वर्षं पेटीत ठेवली. एकसष्टाव्या वर्षी ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्याकडून अक्षरं शिकलो. ताई म्हणायची, "या वयात कुणाला पत्र लिहायचंय तुला?" मी सांगितलं नाही.

अक्षरं जुळायला लागल्यावर एके दुपारी पट्टी उघडली. शाई फिकी झाली होती, पण लागत होती. चौदा गाड्यांचे नंबर, आणि प्रत्येकासमोर एकच शब्द. पूर्ण. पूर्ण. पूर्ण.

खाली पंधरावी ओळ होती. त्या गाडीची डबी गाडीबरोबरच चुरा झाली होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी ओळ होती. पिटमध्ये आगमन, दहावी फेरी. पिटमधून प्रस्थान, दहावी फेरी.

आणि शेवटी, जिथे बाकीच्यांसमोर 'पूर्ण' होतं, तिथे...

ट्रॅकवर.

भाचीचा आता स्वतःचा संघ आहे. अजून चालवते. परवा तिचा फोन आला. रविवारी त्याच जुन्या ट्रॅकवर शर्यत आहे. "मामा, चाकांना हात नको लावूस, पण थाप तूच द्यायची," म्हणाली. हे सगळं तिला तोंडाने सांगायला मला जमलं नाही. ती हे पान वाचते, म्हणून इथे लिहिलंय. वाचून झाल्यावरही तिला माझी थाप हवी असेल, तर मी जाईन.

मी विचारलं, "गाड्या किती आहेत?"

"बावीस."

मी भिंतीला टेकून डोळे मिटणार आहे. बावीसपर्यंत मोजणार आहे.

आणि मग थोडा वेळ थांबणार आहे.