चाळीस फुटांवरची काच

पहिल्याच भेटीत मी त्याला डोक्यापासून पायांपर्यंत भिजवलं.

आळेफाट्यावर ट्रॅक्टरच्या शोरूमची वरची काच धुवत होते. हातात ॲल्युमिनियमचा लांब दांडा, त्याच्या टोकाला ब्रश, आणि ब्रशमधून पडणारं पाणी. दांडा इतका लवत होता की ब्रश काचेला कमी आणि हवेलाच जास्त लागत होता. खालून एक जण चालला होता. वाऱ्याची झुळूक आली, आणि सगळी धार त्याच्यावर.

"अहो मॅडम, अंघोळ झालीय माझी सकाळी!"

"सॉरी... पण साबण नाहीये यात. नुसतं पाणी आहे. वाळेल."

"वाळेल? एवढंच?"

"आणि डाग पडणार नाही. खात्री देते."

त्यानं केसांतलं पाणी निपटलं. भिजलेल्या पापण्यांआडून माझ्याकडं बघितलं, आणि चक्क हसला. "आणि पडला तर?"

"तर माझ्या पाण्यात चूक असेल. सांगायला या."

"आणि नाही पडला तर?"

"मग कशाला याल?"

"हेच सांगायला... की नाही पडला."

संध्याकाळी तो खरंच आला. तोच शर्ट घालून, कोरडा, स्वच्छ. त्याचं नाव संयम. शोरूमच्या समोरचं हार्डवेअरचं दुकान त्याच्या वडिलांचं, हस्तीमलशेठांचं. माझ्याशी बोलता बोलता त्याची नजर दांड्यावर गेली.

"हा पाइप तुमचं ऐकत नाही."

"लांबी दुप्पट केली की वाक आठपट होतो. तो तरी काय करणार?"

"आठपट कसा?"

मी सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं, आणि त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. आमच्या बोरी बुद्रुकमध्ये माझं भौतिकशास्त्र शेवटपर्यंत ऐकणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

मी वृषाली. बीएस्सी झाले आणि काचा धुवायला लागले, हे आमच्या गावात कुणाला पटत नव्हतं. पण पुणे–नाशिक रस्त्यावर हॉटेलं, दवाखाने, शोरूम उभी राहत होती, सगळी काचांची. त्यांच्यावर ट्रकची धूळ बसायची, आणि माणसं शिडीवर चढून, जीव मुठीत धरून ती पुसायची. वर चढायचंच कशाला? पूर्ण क्षारमुक्त पाणी असेल तर काच पुसावीही लागत नाही. पाणी उडून जातं आणि मागं ठेवायला त्याच्यात काहीच नसतं. मी घरी फिल्टर बसवला, फवारणीचा नवा कोरा बॅटरी पंप घेतला. अडत होतं ते फक्त दांड्यापाशी.

"कार्बन फायबरचा मागवू?" संयमनं विचारलं. "बघायला. नाही आवडला तर परत पाठवू."

"एक नको. तीन मागवा. काचतंतूचा म्हणजे ग्लास फायबरचा, मिश्र आणि पूर्ण कार्बनचा. तिन्ही सारख्या लांबीचे. तुलना करायचीय."

दांडे आले त्या दिवशी मी दुकानाच्या खिडकीच्या गजांना एकेक दांडा आडवा बांधला, पंधरा फूट बाहेर काढला, टोकाला तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन लटकवलं आणि टोक किती खाली येतं ते टेपनं मोजलं. संयम टेपचं दुसरं टोक धरून उभा. काचतंतूचा दांडा नमस्कार घातल्यासारखा वाकला. मिश्र त्याहून बरा. कार्बनचा मात्र जेमतेम हलला, आणि उचलला तर हातात काही आहे असं वाटेना.

गल्ल्यावरून हस्तीमलशेठ म्हणाले, "पोरी, आम्ही सोयरीक करतानासुद्धा एवढी पारख केली नव्हती हं!"

"शेठ, सोयरीक चाळीस फूट उंच धरून दिवसभर उभं राहायचं नसतं."

"लग्न झालं नाही तुझं, म्हणून असं म्हणतेस."

संयम मान खाली घालून हसत होता. टेप त्याच्या हातातून सुटली आणि सळसळत माझ्या बोटांवर येऊन आपटली.

"लागलं?" त्यानं एकदम माझा हात धरला.

"नाही..." मी म्हणाले. खरं तर लागलं होतं. पण 'हो' म्हटलं असतं तर तो फुंकर घालायला लागला असता, आणि शेठ बघत होते.

मी कार्बनचा दांडा निवडला. काचतंतूचाही ठेवून घेतला.

"तो वाकणारा कशाला?"

"विजेच्या तारा. कार्बनमधून वीज वाहते. नुसतं फायबर नाव आहे म्हणून ते प्लास्टिक होत नाही. जवळ तार असली की कार्बनचा दांडा बाहेरच काढायचा नाही. आणि पाणी चालू असताना तारेजवळ कुठलाच दांडा न्यायचा नाही. हा बुटक्या भिंतींसाठी."

त्याचा चेहरा उतरला. "मी सकाळी... आमच्या गच्चीवर उघडून बघत होतो तो. वरून तार जाते."

"संयम!"

मी पहिल्यांदा त्याला नुसतं नावानं हाक मारली होती, तीही ओरडून. तो हळूच म्हणाला, "परत एकदा म्हण ना."

"परत असं केलंस तर म्हणेन. चांगलंच म्हणेन."

तिथून आम्ही 'तुम्ही'वर परत आलोच नाही.

त्यानंतर जवळच्या प्रत्येक कामाला तो काही ना काही निमित्त काढून यायचा. रोज रात्री दांड्याच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या पुसायच्या, खडा अडकू द्यायचा नाही, जोडावरच्या पकडी मर्यादेपलीकडं आवळायच्या नाहीत, हे सगळं तो शिकला. मी मात्र अस्वस्थ होत चालले होते. हैदराबादच्या औषध कंपनीत माझी प्रयोगशाळेतली नोकरी पक्की झाली होती आणि त्यांना होकार हवा होता. दादांचं म्हणणं सरळ होतं. दादा म्हणजे माझे वडील, भगवंत.

"वृषे, फुटकळ कामावर धंदा उभा ऱ्हात न्हाई. पेठच्या रखमाजीभाऊचं हाटेल लई मोटं हाय. समदी काच. ते काम मिळालं तर ऱ्हा हितंच, मी काय बोलनार न्हाई. न्हाई मिळालं तर हैदराबादला जायचं. कबूल?"

"कबूल."

हे संयमला सांगितलं तेव्हा तो खिळ्यांचे डबे लावत होता. एकाच जागी तोच डबा त्यानं तीनदा ठेवला. "मिळेल तुला काम," एवढंच म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं. मला आणखी काही ऐकायचं होतं. गिऱ्हाईक आलं.

रखमाजीभाऊंनी रविवारी सकाळी बोलावलं. समोरच्या बाजूचा चार मजल्यांचा एक पट्टा धुवून दाखवायचा, काच वाळल्यावर ते बघणार. पुण्याची एक कंपनीही क्रेन घेऊन काम मागत होती. मी शनिवारी दुपारी पाणी तयार केलं, क्षार मोजायच्या मीटरवर शून्य बघितलं आणि पिंप संयमच्या घरी, अंगणातल्या त्यांच्या टेम्पोत ठेवून आले. सकाळी तिथूनच निघायचं होतं.

पेठला पोचलो. दादा पण आले होते. मी नळी जोडण्याआधी सवयीनं पिंपात मीटर बुडवला.

सहाशे ऐंशी.

पुसून परत बुडवला. सहाशे ऐंशी. ते माझं पाणी नव्हतं. कुठल्या तरी बोअरचं होतं. त्यानं काच धुतली असती तर वाळल्यावर खडूनं ठिपके काढल्यासारखी दिसली असती.

संयमनं घरी फोन लावला. स्पीकरवर त्याच्या आईचा, मोहनबाईंचा प्रसन्न आवाज आला. "हो, मीच बदललं. पोरीचं एवढं मोठं काम, आणि पाणी न गाळलेलं! मी ते जास्वंदीला घातलं. दिवस मावळायच्या आत दुपदरी गळण्यातून गाळून, उकळून, गार करून, चार पातेली करून पिंप भरलं. अगदी शुद्ध आहे. वृषालीला म्हणावं, काळजी करू नको."

संयमनं डोळे मिटून घेतले. त्याच्या जैन घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही. त्यांच्या दृष्टीनं ते पाणी खरोखरच शुद्ध होतं. पण गाळण्यानं पाण्यातले जीव वाचतात, क्षार जात नाहीत. उकळून तर ते थोडे दाटच होतात.

"काकू," मी म्हणाले, "एवढे कष्ट घेतलेत माझ्यासाठी..."

फोन ठेवला. रखमाजीभाऊ घड्याळ बघत येत होते. "काय पोरी, कदी सुरू? मला दुपारी लग्नाला जायचंय बर का."

"तासाभरात," मी म्हणाले.

"वृषाली..." संयम म्हणाला. "आता घरी जाऊन पाणी आणायला वेळ नाही."

"घरी जायचंच नाही. ऐक. बॅटरीत घालतात ते पाणी क्षारमुक्त असतं. जेवढे कॅन मिळतील तेवढे आण. मी तोवर गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवरून पिंप भरते. धुवायचं त्यानं, शेवटची धार बॅटरीच्या पाण्याची. पुरेल."

"आणि नाही पुरलं तर?"

"पुरवायचं. पळ!"

तो पळाला. पेठमधली गॅरेजं झाली, मंचरपर्यंत गेला. परत आला तेव्हा टेम्पोचा मागचा भाग पांढऱ्या कॅननी भरला होता. "मंचरचा गॅरेजवाला पप्पूभाऊ विचारत होता, राव, किती ट्रॅक्टर चालू करायचेत?"

मी प्रत्येक कॅनमध्ये मीटर बुडवला. दोन कॅन बाजूला काढले, बाकी सगळे चांगले होते.

दांडा उघडायला घेतला. एकातून एक नळी निघत गेली, प्रत्येक पकड टक् करून बसत गेली. ब्रश पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या, तिसऱ्या... चौथ्या. संयमला आतून वर पाठवलं. राहिलेली धूळ खालून दिसत नाही, काचेमागून दिसते. दोन्ही हात दांड्यावर होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून खिशात ठेवला.

"डावीकडं घे... अजून... हां, तिथं."

काचेवरून पाणी उतरत होतं आणि त्यामागं तो उभा होता. पाण्यामुळं त्याचा चेहरा विरघळायचा, परत जमायचा. भर उन्हात त्या एका काचेवर पाऊस पडत होता, आणि तो मी पाडत होते.

"आता शेवटची धार," मी म्हणाले. "बघ नीट."

"बघतोय."

"काचेकडं बघ."

"काचेकडंच बघतोय. काचेतून तू दिसतेस, त्याला मी काय करू?"

माझ्या मागं कुणीतरी खोकलं. मी काही बोलायच्या आत त्याचा आवाज परत आला, घाईघाईनं, अडखळत. "वृषाली, मला आत्ता बोलू दे. काच वाळल्यावर बोललो तर तुला वाटेल काम मिळालं म्हणून बोललो... किंवा नाही मिळालं म्हणून. मला तू आवडतेस. हैदराबादला गेलीस तरी आवडशील. पण... जाऊ नकोस ना."

"संयम," मी दांडा घट्ट धरला, "स्पीकर चालू आहे."

वर काचेमागं एक माणूस हळूहळू खाली बसला आणि दिसेनासा झाला.

रखमाजीभाऊ दादांना म्हणाले, "पावणं, पोरगं कुनाचं?"

"आळेफाट्याच्या हस्तीमलशेठचं," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला काहीच कळेना. मी वळून बघितलंही नाही. पाणी चालू होतं, आणि धार मधे थांबली की ओघळ राहतो.

मग वाट बघणं. ऊन काचेवर सरकत होतं, पाणी वरून खाली आटत होतं. संयम खाली येऊन टेम्पोआड उभा होता. हळूहळू काच दिसेनाशी झाली आणि तिच्यात समोरचे डोंगर उभे राहिले, ढगांसकट.

"झ्याक!" रखमाजीभाऊ म्हणाले.

"अजून नाही," मी म्हणाले. "वरचा उजवा कोपरा बघा. तीन ठिपके आहेत. धार बदलली तेव्हा नळीत आधीचं पाणी शिल्लक होतं, ते मी सोडून द्यायला हवं होतं. तेवढा भाग परत धुते."

ते डोळे बारीक करून बघत राहिले. "मला तर दिसत बी न्हाईत."

"मला दिसतात."

मी परत दांडा उचलला. कोपरा धुतला, वाळेपर्यंत थांबले. त्यांचा लग्नाचा मुहूर्त टळायला आला होता, तरी ते हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "वर्सभराचं काम तुजं. दर म्हैन्याला याचं. आन हे वरचं बोलनं जरा कमी करा राव, माजं गिऱ्हाईक आत जेवत असतंय."

दादांनी उपरणं झटकलं. मला म्हणाले, "हैदराबादला फोन करून टाक. ताटकळत ठेवू ने मानसाला." मग टेम्पोकडं नजर टाकून, "कुनालाच."

फोन मी तिथंच उभ्यानं केला. मग संयमसमोर जाऊन उभी राहिले. त्याचे कान अजून लाल होते.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "आता तुझ्या घरी चल. लग्नाचं काकूंना मी सांगणार."

"आज? थोडं थांबू... मी आधी वातावरण बघतो..."

"आजच. त्यांच्या माघारी काही नको."

आळेफाट्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मोहनबाईंना पाण्याचं सगळं कळलं होतं. त्या दारातच हात जोडायला लागल्या. मी त्यांचे हात धरले.

"काकू, पाण्याचं राहू द्या. दुसरं सांगायचंय. संयम आणि मी लग्न करायचं म्हणतोय. तुमची हरकत असेल तर मला सांगा, मी ऐकून घेईन. उद्या परत येईन, परत ऐकेन. पण मागं हटणार नाही."

संयम माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, अगदी खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. मोहनबाई आमच्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं,

"कांदा-लसूण सोडशील?"

"घरात सोडेन," मी म्हणाले. "माहेरी गेले की खाईन. खोटं नाही सांगत."

आतून हस्तीमलशेठ जोरात हसले. मोहनबाईंनी पदर तोंडाला लावला, पण डोळे लपले नाहीत.

"खरं बोलतेस, हे बरंय," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुझ्या आई-वडिलांना भेटून बोलू. चल, दिवस मावळतोय. आधी जेवून घे."

आणि त्यांनी दोन पाट मांडले, शेजारी शेजारी.