पाठलागाचा नियम

"हलू नका! तुम्ही माझ्या घोडदळावर उभ्या आहात."

मी जागीच थिजले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी जुन्या नकाशांचं पुस्तक शोधायला गेले होते. सातवीची पोरं इतिहासाच्या तासाला जांभया द्यायची, त्यावर काहीतरी उपाय हवा होता. खाली पाहिलं, तर चपलेजवळ बोटाच्या पेराएवढा शिशाचा घोडेस्वार आडवा पडलेला. टेबलाखालून एक डोकं वर आलं. केसांत धूळ, कानावर पेन्सिल.

"एकच तर आहे," मी म्हटलं. "बाकीचं घोडदळ कुठंय?"

"पळालं. तुम्हाला बघून."

मला हसू आवरेना, आणि त्याला आपण काय बोलून गेलो ते उशिरा कळलं. त्याचे कान लाल झाले.

तो भूमापन कचेरीत नकाशे काढायचा. वाचनालयात सगळे त्याला नकाशेवालाच म्हणत. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, त्याखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या, निळ्या फितीची नदी, काडेपेट्यांचा पूल. शेकडो वर्षांपूर्वीची एक लढाई तिथे पुन्हा उभी राहत होती. खिडकीची झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून एक जाडजूड ग्रंथ टेकवून ठेवला होता.

"ते जुने नियम," तो म्हणाला. "दोनशे पानं. एक लढाई चार रविवार चालायची, त्यातले तीन भांडणात जायचे. मी नवे लिहिलेत. वीस पानं."

"नवीन काय आहे त्यात?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"हुकूम दिला की तुकडी लगेच हलत नाही. निरोप्या घोड्यावरून जातो. किती वेळात पोचतो, ते फाशावर."

"आणि पोचलाच नाही तर?"

"तर तुकडी आहे तिथेच उभी राहते. खऱ्या लढाईत असंच व्हायचं ना... सेनापतीला धुळीत काही दिसायचं नाही." तो घोडेस्वार पुसत होता. "आणि इथे कोणी मरत नाही. धीर सुटतो. धीर सुटलेली तुकडी टेबलावरून निघून जाते. शिवाय डाव तासाभरात संपतो, आणि हरलेल्यालाही घरी जाऊन सांगण्यासारखी गोष्ट मिळते."

माझ्या पाठ्यपुस्तकात लढाईला नुसती तारीख असायची. ती लढणाऱ्याला पुढचं माहीत नव्हतं, हे मला पहिल्यांदा या माणसाने सांगितलं.

"मला चाचणीसाठी असं माणूस हवंय," तो म्हणाला, "ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही."

"आभारी आहे!"

"नाही, म्हणजे... तसं नव्हे..." कान पुन्हा लाल.

अशी मी दर रविवारी जाऊ लागले. समोर खेळायला घड्याळकाका असत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले, कानांनी अधू, पण नजर भिंगासारखी. चाचणीचा एक कायदा होता. नियम लिहिणाऱ्याने खिडकीशी बसायचं आणि डाव संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मानसुद्धा हलवायची नाही. पुस्तक उद्या कुठल्या कुठल्या घरी जाईल, तिथे समजावून सांगायला तो थोडाच जाणार? म्हणून आम्ही जिथे अडू, ते त्याने वहीत टिपायचं. डाव संपला की वही माझ्या हातात. माझ्या प्रश्नांची उत्तरं तिच्यात असत.

त्याला बोलतं करायचा मी चंगच बांधला. "काका, लेखकाला चहा द्यायचा नियम कुठल्या पानावर आहे हो?" तो ओठ दाबून लिहीत राही. मग मी वही उघडी.

"पान ४. 'चढ' कुठे संपतो, कळत नाही. चहा चालेल."

"तिसरी खेळी. बाई कपाळाला आठी घालतात. नियम सोपा करावा. आठी राहू द्यावी."

जिना उतरताना मी म्हटलं, "मला बाई नका म्हणू. वर्गात असल्यासारखं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"विचार करा."

"फासा टाकतो," तो म्हणाला. आम्ही माझ्या घराच्या फाटकापर्यंत दहा मिनिटांची वाट अर्ध्या तासात चाललो.

मी तो खेळ वर्गात नेला. जांभया थांबल्या. पण हरत आलेली एक मुलगी ढसाढसा रडली, आणि मी नकाशेवाल्याला म्हटलं, "मागे जाण्यालाही मान असू दे ना." मग आम्ही दोघांनी मिळून एक नियम लिहिला. त्याने तो सुबक अक्षरात काढला. 'शिस्तीत माघार घेणाऱ्या तुकडीचा पाठलाग करू नये. तिला जाऊ द्यावं.'

मला वाटलं, किती शहाणा नियम आहे हा.

त्याच सुमारास दादाने माझ्यासाठी स्थळ आणलं. माणूस चांगला, नोकरी लांबच्या शहरात. सोमवारी उत्तर कळवायचं होतं. शनिवारी वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"मनात कोणी असेल तर आत्ता बोल गं. मागाहून माझी पंचाईत नको."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

रविवारी शेवटची चाचणी होती. सोमवारी पानं छापखान्यात जायची होती. मला पोचायला उशीर झाला. डाव मांडलेला, काका फासा हातात घेऊन बसलेले, आणि तो खिडकीशी... गप्प. सहा खेळ्या मी कशाबशा खेळले. मग टेबलाकडे बघतच बोलले.

"उद्या दादा माझ्या लग्नाला होकार कळवणार आहे. मी नाही म्हणावं असं कोणाला वाटत असेल, तर सांगावं."

काकांना ऐकू गेलं नाही. पेन्सिल थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं, इतका वेळ कधीच पाहिलं नव्हतं. मग मान खाली घातली आणि लिहायला लागला.

मी थांबले. एक खेळी गेली. दुसरी गेली. एक शब्द, नुसता 'नको'! चाचणी फुकट गेली असती, एवढंच ना? वीस पानांपुढे मी कोण, असं मनात आलं.

"शिस्तीत माघार," मी मोठ्याने म्हटलं. माझं सैन्य नीट उचलून डब्यात ठेवलं आणि उठले. मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलांचा आला नाही.

सोमवारी होकार गेला.

आठ महिन्यांनी, त्या लांबच्या शहरात, मला एक पुडकं आलं. वीस पानांचं छापील पुस्तक, घड्याळकाकांची चिठ्ठी आणि वहीचं फाडलेलं पान.

'पोरी,' काकांनी लिहिलं होतं, 'पुस्तक छापून झालं आणि तो बदली मागून गेला. वही मला देऊन गेला. तू वही न वाचता गेलीस, म्हणजे तुला उत्तर नको होतं, असं म्हणाला. शिस्तीत निघालेल्याचा पाठलाग कसा करू, म्हणाला. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. गाढव आहात दोघंही.'

वहीच्या पानावर पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं.

'सहावी खेळी. विचारलं. उत्तर... मला वाटतं. नाही म्हणा. डाव संपला की तोंडाने सांगेन. जिन्यात धीर सुटला तर, म्हणून लिहून ठेवतो.'

मी पुस्तक उघडलं. आमचा नियम त्याने छापण्याआधी बदलला होता. 'शिस्तीत माघार घेणाऱ्या तुकडीला जाऊ द्यावं. पण आधी एकदा हाक मारावी.'

मी त्याला पत्र लिहिलं नाही. माझा संसार सुरू झाला होता, आणि माणूस खरंच चांगला होता. ते पान मात्र पुस्तकातच राहिलं.

त्या पुस्तकावर मी तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला. परवा एक चुणचुणीत मुलगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, हा कसला नियम? हाक मारून ते थांबणार थोडेच!"

"बहुतेक नाही थांबत," मी म्हटलं. "पण तू मार."

तिने तोंडाभोवती हात धरले आणि वर्ग दणाणून जाईल अशी हाक मारली, "अहो, थांबा!"

पोरं हसली. आणि दरवेळेसारखंच, मी मागे वळून पाहिलं.