रूमी युपान्कीचा हुकूम

बटाट्याची लावणी कधी करायची, हे विचारायला गावकरी सकाळीच राजाकडे आले होते. राजाला मरून पाचशेहून अधिक वर्षं झाली होती.

अँडीज पर्वतातली हिमनदी आटत गेली, आणि एका कपारीत तो सापडला: गुडघे छातीशी घेऊन बसलेला, सुकलेला, पण शाबूत. रूमी युपान्की, इंकांचा सम्राट. पुण्याच्या हेमांगी ओगलेने त्याच्या घशाचं सूक्ष्म चित्रण करून त्यावरून त्याचा आवाज घडवला. शब्द आले त्याच्या वंशजांच्या क्वेचुआ भाषेतल्या गाण्यांतून. या यंत्राला ती 'स्वरप्रतिमा' म्हणायची. संग्रहालयात राजाने आपली कहाणी सांगावी, एवढंच तिच्या मनात होतं. पण संग्रहालयाचं बांधकाम रखडलं आणि राजा गावाच्या सभागृहातच राहिला.

कहाणी तो झकास सांगायचा. नावडत्या राणीचा मुलगा. थोरल्या भावाला मेजवानीला बोलावून त्याने मारलं आणि राजचिन्हाची लाल झालर स्वतःच्या कपाळी बांधली. भूकंपात ढासळलेली पायऱ्यांची शेतं पुन्हा उभी केली. कडा फोडून पाट काढला. त्या पाटाचं पाणी चोरणाऱ्यांना त्याच कड्यावरून लोटलं. भाऊ, पाट, कडा, सगळं एकाच शांत, घोगऱ्या स्वरात.

मग लोक त्याला प्रश्न विचारू लागले. हेमांगीला आधी गंमत वाटली. गेल्या आठवड्यात कोणीतरी पाण्याचं विचारलं. "पाणी माझं आहे," राजा म्हणाला. त्याच दिवशी गावाने खालच्या गावाकडे जाणाऱ्या पाटाचं दार बंद केलं. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

बाहेर गलका झाला. चार-पाच जणांनी एका माणसाला ओढत आत आणलं. खालच्या गावचा एलेउतेरियो. पाटाचं दार उघडताना सापडला होता. गुडघे फुटले होते.

"माझी मेंढरं मरताहेत," तो एवढंच म्हणत होता.

"राजाला विचारा!" कोणीतरी ओरडलं.

हेमांगीच्या तोंडचं पाणी पळालं. गाण्यांत या गुन्ह्याला एकच शिक्षा होती. ती गावप्रमुख हुस्तिनाकडे धावली. इथे वयस्क बाईला मामा म्हणत.

"मामा हुस्तिना, हा राजा नाही हो. गाण्यांवरून यंत्र अंदाज बांधतं, तेवढंच. थांबवा यांना!"

"ठाऊक आहे मला," हुस्तिना शांतपणे म्हणाली. "आमचे राजे मेल्यावरही राज्य करायचे. वाडा त्यांचा, शेतं त्यांची. त्यांच्या वतीने बोलायला माणूस नेमलेला असायचा. लोकांना तेव्हाही ठाऊक होतं."

"मग ऐकायचे कशाला?"

"कोणाचं तरी ऐकावंच लागतं, पोरी."

प्रश्न विचारून झाला होता. यंत्र उत्तर जुळवत होतं. हेमांगीने यंत्रापाशी धावत जाऊन उत्तर अडवलं आणि कळा दाबत स्वतःचे शब्द टाकले.

"सोडा त्याला," घोगरा आवाज घुमला. "पाणीही सोडा. तहानलेला तो माझाच माणूस."

 मग कोणीतरी एलेउतेरियोच्या हातांची दोरी सोडली. दोन तरुण पाटाकडे धावले. थोड्याच वेळात उतारावरून पाण्याचा खळखळाट ऐकू आला, आणि हेमांगी भिंतीला टेकून रडायलाच लागली.

एलेउतेरियो मात्र गेला नाही. लंगडत तो राजापुढे आला, जमिनीवर पालथा पडला आणि त्याने राजाच्या सुकलेल्या पावलांना कपाळ लावलं. "आम्हीही तुझेच," तो म्हणाला. "माझं सगळं गाव घेऊन येतो."

"अहो, नको!" हेमांगी मराठीतच ओरडली. कोणाला कळलं नाही. लोक आनंदाने एलेउतेरियोला मिठ्या मारत होते.

हुस्तिना जवळ आली. हेमांगीची बोटं कळांवर फिरताना तिने पाहिली होती. तिने मान झुकवली, राजापुढे झुकवावी तशी.

"त्याला कड्यावरून लोटलं असतं तर खालचं गाव आमच्यावर उलटलं असतं," ती हलकेच म्हणाली. "तू ते न लढता जिंकलंस. आता सांग, त्यापुढचं गाव कोणतं?"