शून्य केलेला पूल

पुलाच्या पोटात चिकटवलेली काचेची तार. केसाएवढी.

यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट.

बाबांची मिनीबस. मागच्या सीटचं रेक्झिन फाटलेलं.

आमच्या घराच्या दारापुढच्या टेबलावर पपनस, नूडल्स, उदबत्त्या. चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात भटकणाऱ्या भुतांसाठी.

हे खरं घडलंय. पटत नसेल तर वाचू नका. मोकळे केस आणि पांढरे कपडे हवे असतील, तर दुसरीकडे शोधा. इथे भर दुपार आहे. तैवान, नांतोउचा डोंगर, नदीवरचा अरुंद काँक्रीटचा पूल. आणि काठावरच्या पत्र्याच्या खोलीत स्क्रीनपुढे मी.

पूल जरासा वाकला, कुठे बारीक तडा गेला, तरी तारेतला प्रकाश बदलतो. नेमकी जागा मला दिसते. दुरुस्तीमुळे पूल बंद होता. दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता, आणि पहिली गाडी बाबांची. पलीकडच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात तेच नेतात. पूल खचला, तर त्यात माझा बाप असणार होता.

म्हणून मी डोळे लावून बसले होते.

तेवढ्यात स्क्रीनवरची रेघ हलली...

पलीकडच्या टोकाला एक छोटा खळगा. मग थोडा अलीकडे. मग आणखी अलीकडे. कुणीतरी सावकाश चालत यावं तसा.

मधोमध थांबला.

दोन म्हशींइतकं वजन. कॅमेऱ्यात पूल रिकामा.

"आ-खुन, जा रे, बघून ये."

आ-खुन, माझा मदतनीस, सुपारी थुंकून हातोडी घेऊन गेला. पोकळ जागा आवाजावरून कळते, म्हणून तो ठोकत चालला. टण्. टण्. टण्.

मधोमध पोचला...

ठप्प.

वाजत्या घंटेवर कुणी तळहात ठेवावा तसा आवाज मेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडात नवी सुपारी नव्हती. असं कधी होत नाही.

"ताई, तडा नाही. पोकळ नाही. काहीच नाही."

"मग?"

"तिथे किडेही ओरडत नाहीत, ताई."

थोड्या वेळाने माझे वरिष्ठ ल्याव साहेब आले. परदेशी पदवी, इस्त्रीचा शर्ट. स्क्रीनकडे न बघता त्यांनी आधी पाकीट उचललं.

"हिरवंच आहे ना? तारीख उलटली नाही ना?"

पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, असा इकडे समज. हिरवंच लागतं. आणि म्हणे आम्ही इंजिनिअर.

"तडा आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब. वजन आहे."

"कुणाचं? तुझ्या सासूचं?" ते स्वतःच हसले. "उन्हाने काँक्रीट फुगतं. कर शून्य."

"साहेब, शून्य रिकाम्या पुलावर घेतात."

"मग हा भरलेला दिसतोय तुला?"

मी हात मागे घेतला. त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

रेघ सरळ झाली. आता यंत्राच्या लेखी तेवढं वाकणं हाच आमचा सरळ पूल.

"बघ! बरा झाला," साहेब म्हणाले. असली माणसं तापात थर्मामीटर फोडतात.

सकाळी मी बाबांना फोन केला.

"बाबा, पुलावरून जाऊ नका."

"मग उडत जाऊ? तिकडे म्हाताऱ्या ताटकळल्यात."

"तिथे काहीतरी आहे."

"सातवा महिना आहे, पोरी. सगळीकडेच असतं. फोन ठेव."

रिकामी बस पुलावर चढली. रेघेत तिचा खळगा सरकू लागला. मधोमध आली...

थांबली.

का थांबली, बाबांना आजही सांगता येत नाही.

मग निघाली. पलीकडे उतरली.

रेघ शून्यावर यायला हवी होती. आली नाही.

वर गेली.

मधोमध पूल उचलला गेला. दोन म्हशींइतका.

"ताई," आ-खुन कुजबुजला, "जे बसलं होतं, ते उठलं."

मी फोन लावला. "बाबा, मागे कोण बसलंय?"

"कोण बसणार? रिकामीच आहे. पण आज जड ओढतेय गं. मागची चाकं दबल्यासारखी..."

"आरशात बघू नका."

त्यांनी फोन ठेवला.

दिवसभर बस तशीच जड चालली. संध्याकाळी बाबांनी ती दारात लावली आणि घरात आले. दुसऱ्या दिवशी बस हलकी होती.

साहेबांनी अहवालात 'उन्हाचा परिणाम' लिहिलं. त्यांना बढती मिळाली. मिळणारच.

ऑफिसात त्याच तारेचं एक रीळ उरलंय. आमच्या घराच्या फरशीखाली ती बसवायला मला फार तर एक सुट्टी लागेल. शून्य कधी घ्यायचं, तेही मला नीट कळतं.

मी अजून रीळ घरी नेलेलं नाही.

पूल बांधताना तिथे कुणीही मेलं नव्हतं. मग ते वजन कुणाचं?