गरजेपुरतं इंजिन

चाकणच्या प्रयोगशाळेत उत्तरा सबनीसने 'आटतं इंजिन' बनवलं, तेव्हा सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. कल्पना साधी होती. हायब्रीड गाडीत रोजची ये-जा बॅटरीच भागवते. इंजिन लागतं ते चढाला, नाहीतर लांबच्या प्रवासाला. मग भाजी आणायला निघालेल्या माणसानं चार सिलिंडरांचं ओझं कशाला वाहायचं? उत्तराच्या इंजिनाचे सिलिंडर सुटे होते. दर सर्व्हिसिंगला संगणक गाडीचा मागचा सगळा प्रवास तपासायचा. जे सिलिंडर लागलेच नाहीत ते काढून घेतले जायचे, आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणाही त्यांच्याबरोबर जायची. गाडी हलकी, पेट्रोल निम्मं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पाय पाहून अंथरूण कापायचं होतं.

विरोध केला एकट्या इब्राहीम तांबोळींनी. तांबोळी उष्णतेचे तज्ज्ञ, जिभेला हाड नसलेला माणूस.

"माणूस कुठे गेला ते तुझ्या संगणकाला कळतं. कुठे जायचं राहिलंय, ते त्याला कोण सांगणार?"

"जे घडलंच नाही, त्याच्यावर इंजिन बेतायचं का सर?"

आजवर तेच करत आलो की, असं तांबोळी म्हणाले. वापरात नसलेली ताकद म्हणजे दुसरं काय असतं? लोक हसले, आणि इंजिन मंजूर झालं.

उत्तराची स्वतःची गाडी पहिल्या तुकडीतली होती. घर ते प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळा ते घर, एवढीच तिची धाव. पहिल्या वर्षी दोन सिलिंडर गेले, मग तिसरा. तिला त्याचा अभिमानच वाटला. अण्णांना, म्हणजे वडिलांना, तिने तशीच गाडी घेऊन दिली होती. आई गेल्यापासून अण्णा घाटावर करंजमाथ्याला एकटे राहत. जायचं जायचं म्हणता तिचं राहूनच जायचं. फोनवर दोघं हवापाण्याचं बोलत. आपली दुसऱ्याला अडचण होईल, असं दोघांनाही वाटायचं.

आणि एक दिवस अण्णा म्हणाले, "घर फार मोठं झालंय गं. जमलं तर येऊन जा."

असं ते कधी बोलले नव्हते. उत्तरा तशीच निघाली. एका सिलिंडरचा हिशेब तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? पण त्या घटकेला तो सुचलाच नाही. सपाटीवर गाडी छान पळाली. घाटात बॅटरी भराभर उतरली, बिचारा एकटा सिलिंडर धापा टाकत राहिला आणि अर्ध्या वाटेत तापून बंद पडला. तो थंड होईपर्यंत ती थांबली, पुन्हा निघाली. पुढच्याच वळणावर तीच गत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आपण बनवलेलं इंजिन अगदी बरोबर चाललंय, हे कळून तिला रडू कोसळलं.

तिने फोन केला. अण्णा म्हणाले, थांब तिथेच, मी खाली येतो न्यायला.

तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. अण्णांची गाडी दुकान नि दवाखाना यापलीकडे गेली नव्हती, आणि माथ्यावर सगळी सपाटी. नियम तर तिचाच. ती गप्प बसली असती तर अण्णा आले असते. पण ते तिला जमेना.

"अण्णा, तुमची गाडी घाट उतरेल. परत चढणार नाही."

"ठाऊक आहे. सिलिंडर काढताना त्या माणसानं विचारलं होतं, घाटाखाली कधी जाणं होतं का म्हणून. म्हटलं, मी कुठला जातोय? पोरगी येईल म्हणून इथंच बसलेला असतो. वाट बघायला काय इंजिन लागतं?"

पलीकडून एकामागून एक खिडक्या लावल्याचा आवाज येत राहिला.

"गॅस बंद केलाय. शेजारी किल्ली देतो नि निघतो," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे जागा आहे ना गं मला?"

उत्तराच्या घरात खुर्चीसुद्धा एकच होती. दुसरी कधी लागलीच नव्हती.

"आहे," ती म्हणाली.